आपोआप उलटणारी प्रश्नावली

ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तरावर बोट टेकताच पुढील पान उघडावे, ‘पुढे’ हे बटण दाबावे लागू नये, अशी योजना पुष्कळदा केलेली असते. तीमुळे वेळ वाचतो, हे निर्विवाद. हेज व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बटणाच्या प्रश्नावलीस अधिक वेळ लागला; उत्तरांच्या विश्वसनीयतेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

तथापि हा निष्कर्ष सरसकट लागू करणे धाडसाचे होईल. पलूस तालुक्यातील भिलवडीसारख्या कृष्णाकाठच्या गावी २०१९ च्या महापुरातील हानीची विचारणा चालली आहे, अशी कल्पना करावी. ‘काय काय गेले?’ या प्रश्नास घर, ऊस, जनावरे अशी अनेक उत्तरे संभवतात. पहिल्याच स्पर्शाला पान उलटले, तर घराची नोंद होते आणि गोठा राहून जातो! अशा प्रश्नाखाली बटण हवेच. एकच उत्तर अपेक्षित असेल तेथेही मागे फिरण्याची सोय असावी.

मुदत संपताच प्रश्नावली आपोआप सादर होणे, हा प्रकार याहून गंभीर होय. सादर करण्यात उत्तरदात्याची संमती अभिप्रेत असते. अर्धवट प्रश्नावली पूर्ण म्हणून गणली गेल्यास रिकामी जागा ‘हानी नाही’ अशी वाचली जाण्याचा संभव असतो. यास्तव ती माणसाने सादर केली की घड्याळाने, याची नोंद स्वतंत्र रकान्यात ठेवावी.