आधी मालक बघायचा

नव्या लॅपटॉपवर जीपीजी या फाइली कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रामच्या किल्ल्या पेनड्राइव्हमधून आणल्या आणि पहिल्याच कमांडला इशारा आला : होम डिरेक्टरीच्या, म्हणजे किल्ल्या ठेवलेल्या फोल्डरच्या, परवानग्या असुरक्षित आहेत. फाइल उघडली होती, काम अडलं नव्हतं. तरी ती ओळ डोक्यातून जाईना. लोकांनी विश्वासाने दिलेल्या मुलाखती मी याच किल्ल्यांनी कुलूपबंद ठेवते. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या मैत्रिणीकडे गेले.

तिने टर्मिनल उघडलं, पण कशातच बदल केला नाही. "आधी मालक बघायचा, मग आकडे." एलएस कमांडची यादी आली. दोन फाइलींपुढे माझ्या नावाऐवजी रूट, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. कॉपी अडली म्हणून तेवढ्यापुरतं मी सुडो लावून रूटचे अधिकार घेतले होते, त्याची ही खूण. बाकी सगळं ७५५.

"सातशे हवं," ती म्हणाली. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. फोल्डरला 'चालवणं' म्हणजे आत शिरणं. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे ७५५ असताना त्या संगणकावरच्या कुणालाही माझ्या फोल्डरात शिरून किल्लीची नक्कल नेता आली असती. किल्लीला पासफ्रेज असतो हे खरं. पण नक्कल हाती लागली की तो घरी बसून, सवडीने ओळखत बसता येतो.

सीएचओन कमांडने मालकी माझ्याकडे आली. मग फोल्डरांना ७००, फाइलींना ६००, वेगवेगळ्या कमांडने. सगळ्यांना सरसकट ६०० दिलं तर फोल्डरांचा तो १ जातो आणि मालकालाच आत शिरता येत नाही. अशा वेळी वैतागून ७७७ मारणारे तिने खूप पाहिलेत. त्याने अडथळा जातो, पण कुलूपही जातं. ही दुरुस्ती नव्हेच.

"सातशे," यादी पुन्हा काढून तिने खात्री केली. मग जीपीजीची कमांड पुन्हा दिली, इशारा आला नाही.

मी उठले तेव्हा तिने विचारलं, "पेनड्राइव्ह कुठे आहे?"

पर्समध्ये होता. त्याची फाइल सिस्टिम एक्सफॅट, तिच्यात मालकाची नोंदच नसते. माझी किल्ली त्यावर तशीच पडून होती. मी पर्स उघडली आणि पुन्हा बसले.