उन्हाळा आणि केसांची निगा

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं घरोघर केसांविषयीं एकच तक्रार ऐकूं येते. मोरींत केसांचा गुंता दिसतो, फणीला केस अडकतात, आणि "उन्हानें केस गळूं लागले" असा निष्कर्ष निघतो. मग कोणी न्हाणेंच कमी करतात, कोणी दुप्पट तेल चोपडतात, तर कोणी जाहिरातींतील एखादी बाटली विकत आणतात. उन्हाचा केसांवर खरा परिणाम कोणता, आणि कोणता दोष विनाकारण उन्हाच्या माथीं मारला जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

केस जिवंत असतो तो त्वचेच्या आंत, मुळाशीं. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. म्हणूनच तो कापतांना वेदना होत नाहींत. केस महिन्याला सुमारें एक सेंटीमीटर वाढतो. या हिशेबानें ज्या स्त्रीची वेणी पाऊण मीटर लांब आहे, तिच्या वेणीच्या शेंड्यानें सहा उन्हाळे पाहिलेले असतात. त्वचेची जखम भरून येते. केसाला झालेली इजा भरून येत नाहीं. प्रत्येक उन्हाळ्याची झीज मागच्या झिजेंत मिळत जाते. यास्तव नंतरच्या उपचारांपेक्षां आधींचें रक्षण अधिक महत्त्वाचें.

केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणें एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. उन्हांतील अतिनील किरणांनीं हे पापुद्रे व त्यांखालील केराटिन हें प्रथिन झिजतें, केस राठ होतो आणि शेंड्याशीं दुभंगतो. केसांना काळेपणा देणारें मेलॅनिन हे किरण शोषून केसाचें कांहीं अंशीं रक्षण करतें, पण तसें करतांना तें स्वतःच नाश पावतें. उन्हांत हिंडणाऱ्यांच्या केसांचे शेंडे तांबूस दिसतात, ते यामुळेंच. यावर साधा उपाय म्हणजे डोक्यावर पदर, टोपी, उपरणें किंवा छत्री. कोणतेंही तेल या आच्छादनाची जागा घेऊं शकत नाहीं.

परंतु उन्हाळा सर्वत्र सारखा नसतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व हवा अत्यंत कोरडी असते. तेथें केस राठ होणें हीच मुख्य अडचण. मुंबईस किंवा रत्नागिरीस पारा इतका चढत नाहीं, पण दमट हवेंत घाम वाळत नाहीं. घाम, तेल व धूळ यांचा थर डोक्यावर सांचतो. मलासेझिया नांवाची सूक्ष्म बुरशी सर्वांच्याच त्वचेवर थोडीबहुत असते आणि ती त्वचेवरील तेलावर पोसते; तिच्यामुळें कोंडा व खाज वाढते. अशा वेळीं डोक्यावर अधिक तेल जिरवणें म्हणजे बुरशीला खाऊं घालणेंच होय. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोन-तीन वेळां न्हावें, आणि मुळें पूर्ण वाळल्यावांचून अंबाडा बांधूं नये. ओला केस सहज ताणला जातो व तुटतो. म्हणून मोठ्या दातांच्या फणीनें प्रथम शेंड्यांचा गुंता सोडवून मग हळूहळू वर जावें.

तेल निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं खोबरेल तेल लावल्यानें धुतांना होणारी केसांतील प्रथिनांची हानि कमी होते. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलानें तसें घडलें नाहीं. खोबरेल केसाच्या आंत शिरूं शकतें, हें त्याचें कारण. न्हाण्यापूर्वीं तें केसांच्या लांबीला, विशेषतः शेंड्यांना, लावावें व मग धुऊन टाकावें. विहिरीचें पाणी जड असेल तर साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाईनें तसें होत नाहीं.

आतां केस गळण्याविषयीं. डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर केस गळणें स्वाभाविक आहे. जी स्त्री आठ दिवसांनीं न्हाते, तिला अनेक दिवसांचे सुटलेले केस एकदम दिसतात. त्या भयानें ती पंधरा दिवस न्हाणें टाळते, तेव्हां गुंता आणखीच मोठा निघतो! प्रत्यक्षांत केस अधिक गळलेले नसतात. मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनीं केस खरोखरच पुष्कळ गळतात. माघांतील तापाचा परिणाम वैशाखांत दिसतो आणि दोष मात्र उन्हास मिळतो. असे केस बहुधा पुन्हां येतात. परंतु एखाद्या जागीं चकती पडली, खाज किंवा खवले राहिले, अथवा गळणें कित्येक महिने थांबलें नाहीं, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांस दाखवावें.

थोडक्यांत, डोक्याची त्वचा स्वच्छ असावी, केसांच्या शेंड्यांना स्निग्धता मिळावी आणि बाहेर पडतांना डोकें झांकलेलें असावें. यास मोठा खर्च लागत नाहीं. यंदाच्या उन्हाळ्यांत मुळाशीं उगवणारा केस आणखी सहा वर्षांनीं वेणीच्या शेंड्याशीं पोंचेल. तो तेव्हां कसा असेल, हें आजच्या निगेवरच अवलंबून आहे.