दलदलीच्या मुलखातील ऋतुचक्र : पीटर हेन्री इमर्सन यांची छायाचित्रे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यालगत, नॉरफोक आणि सफोक या परगण्यांत, संथ नद्या, उथळ तळी आणि दलदल यांनी व्यापलेला जो सखल मुलूख आहे, त्याला ब्रॉड्स असे म्हणतात. ही तळी निसर्गनिर्मित आहेत अशी दीर्घकाळ समजूत होती; परंतु मध्ययुगात जळणासाठी पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा मातीसारखा थर, खणून काढल्यामुळे जे खड्डे पडले, त्यांत पुढे पाणी भरून ती तयार झाली, हे विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. अशा रीतीने माणसाच्या कष्टातूनच घडलेल्या या प्रदेशाचे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे जीवन पीटर हेन्री इमर्सन या हौशी छायाचित्रकाराने टिपले. छायाचित्रणाच्या इतिहासात त्याचे नाव येते ते मुख्यतः त्याच्या कलाविषयक वादांमुळे. वास्तविक त्याचे मोठेपण त्या वादांपेक्षा या मुलखातील माणसांच्या कामाकडे त्याने ज्या बारकाईने पाहिले, त्यात अधिक आहे.

इमर्सनचा जन्म १८५६ मध्ये क्युबात झाला. पुढे इंग्लंडमध्ये त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. पक्षिनिरीक्षणाला उपयोगी पडेल म्हणून १८८० नंतरच्या काही वर्षांत त्याने कॅमेरा विकत घेतला आणि १८८६ मध्ये वैद्यकी कायमची सोडली. घरची सुबत्ता असल्यामुळे छायाचित्रांवर पोट भरण्याची त्याला गरज नव्हती, आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीचे बंधन नसलेला हौशी माणूसच या कलेला पुढे नेईल, असे त्याचे ठाम मत होते. चित्रकार थॉमस गुडॉल याच्या सहकार्याने त्याने नॉरफोक ब्रॉड्सवरील जो पहिला मोठा ग्रंथ १८८६ मध्ये सिद्ध केला, त्यात ४० छायाचित्रे होती.

या चित्रांत ऋतू दिसतो तो आभाळापेक्षा माणसांच्या हातांतील कामावरून. बोरूसारखे उंच गवत थंडीने वाळून त्याची पाने झडली की त्याची कापणी होई, कारण घरे शाकारायला असेच पाने नसलेले, कडक आणि सरळ दांडे लागत. त्यामुळे ऐन हिवाळ्यात, गार पाण्यात उभे राहून करावयाचे हे काम होते. कापलेल्या पेंढ्या होड्यांत रचून काठावर आणायच्या आणि तेथे त्यांच्या गंजी घालायच्या, असे त्याचे टप्पे इमर्सनने वेगवेगळ्या चित्रांत दाखविले आहेत. उन्हाळ्यात दलदलीतील गवत कापले जाई. तेथील भुसभुशीत जमिनीवर गाडी रुतत असल्यामुळे गवताचा भारा दोन लांब दांड्यांवर ठेवून दोघांनी पुढून-मागून उचलून न्यावा लागे, आणि ‘पोलिंग द मार्श हे’ या त्याच्या प्रसिद्ध चित्रात नेमकी हीच वाहतूक आहे. होडीतून वाकून कमळे खुडणाऱ्या स्त्रीचे चित्र वरवर पाहता सहलीचे वाटते; परंतु ती फुले मासे पकडण्याच्या जाळ्यात आमिष म्हणून घातली जात, हे कळले की त्या चित्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. पाणी उपसणारी पवनचक्की आणि तिची जागा घेऊ लागलेले वाफेचे यंत्र हाही त्याच ग्रंथातील एका चित्राचा विषय आहे, यावरून बदलाची त्याला स्पष्ट जाणीव होती असे दिसते.

त्या काळी कलात्मक छायाचित्र म्हणजे अनेक निगेटिव्ह जोडून रचलेला देखावा, अशी कल्पना रूढ होती. हेन्री पीच रॉबिन्सनचे १८५८ मधील मरणासन्न मुलीचे गाजलेले चित्र पाच निगेटिव्हांमधून तयार केलेले होते. इमर्सनने या पद्धतीवर कडाडून टीका केली आणि १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ हे पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. माणसाचा डोळा एका वेळी नजरेच्या केंद्रातील वस्तूच स्पष्ट पाहतो, बाकीचे दृश्य काहीसे अंधूक असते. म्हणून छायाचित्रातही मुख्य विषय स्पष्ट आणि पार्श्वभूमी किंचित मऊ ठेवावी, असे त्याचे म्हणणे होते. छपाईसाठी त्याने प्लॅटिनमची निवड केली, कारण तिच्यात प्रतिमा कागदाच्या तंतूंतच उमटते, चकाकी राहत नाही आणि करड्या रंगाच्या सूक्ष्म छटा टिकतात. धुके आणि पाणी यांच्या प्रदेशाला याहून योग्य माध्यम मिळणे कठीण होते. मात्र १८९० मध्ये त्याने काळ्या चौकटीची पत्रिका छापून छायाचित्रण ही कला असल्याचा आपला दावा स्वतःच मागे घेतला. हा निर्णय पटण्यासारखा नसला, तरी त्यामागील प्रामाणिकपणा दुर्मीळ होता.

सुदैवाने त्याने कॅमेरा मात्र खाली ठेवला नाही. १८९०-९१ मध्ये तो मालवाहू शिडाच्या होडीत राहून याच जलमार्गांवर फिरला. त्या वर्षीचा हिवाळा फार कडक होता, आणि बर्फाने गोठलेल्या पाण्याची, जवळजवळ रिकाम्या क्षितिजाची जी चित्रे ‘मार्श लीव्ह्ज’ या १८९५ च्या पुस्तकात आली, ती त्याच्या कामाची सर्वांत उंच पायरी मानावी लागतात. त्यानंतर १९३६ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याने छायाचित्रांचे नवे पुस्तक काढले नाही.

या साऱ्या कामाला एक मर्यादा आहे, आणि ती दृष्टीआड करणे योग्य नाही. कित्येक प्रसंग माणसांना उभे करून घेतलेले आहेत, चित्रांच्या शीर्षकांत कामाचे नाव येते पण काम करणाऱ्याचे बहुधा येत नाही, आणि पहिल्या ग्रंथाच्या जेमतेम दोनशे महागड्या प्रती ज्या वाचकांसाठी निघाल्या, त्यांत गवत कापणारी किंवा मासे धरणारी कुटुंबे असणे शक्यच नव्हते. तरीही पेंढी कशी बांधत, होडी लांब काठीने कशी रेटत, भारा उचलताना पाठ कितपत वाके, हे सांगणारा एवढा तपशीलवार पुरावा त्या मुलखाविषयी क्वचितच आढळतो. त्याच्या छायाचित्रांच्या प्रती आज लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय आणि अमेरिकेतील रॉचेस्टरचे जॉर्ज ईस्टमन संग्रहालय येथे आहेत. अभ्यासकांनी ती प्रकाशनाच्या क्रमाऐवजी कापणी, गवत, मासेमारी आणि पुन्हा कापणी अशा कामांच्या क्रमाने पाहावीत, म्हणजे एका गावगाड्याचे अखंड वर्ष त्यांतून वाचता येते.