न उजळलेल्या रात्रींची नोंद

व्याख्यानाच्या ओघात वेळेअभावी ज्या विषयाला केवळ ओझरता स्पर्श करता आला, तो स्फोटक रूपविकारी ताऱ्यांचा विषय येथे थोडा विस्ताराने मांडतो. पेडणे-डिचोलीतील माजी विद्यार्थ्यांनी तो वाचून बाजूला ठेवू नये, एवढीच अपेक्षा.

हे तारे वस्तुतः जोडतारे होत. त्यांतील एक श्वेत बटू. आकाराने पृथ्वीएवढा, वस्तुमानाने मात्र सूर्याच्या पंक्तीला बसणारा. आपल्या जोडीदाराचा वायू तो ओढून घेतो आणि हा वायू बटूभोवती तबकडीच्या रूपाने फिरत राहतो. ओहोळावरील मातीच्या बांधामागे पाणी तुंबत जावे आणि एकाएकी बांध फुटावा, तसे या तबकडीचे होते. साचलेला वायू तापतो, वेगाने आत घसरतो आणि तारा काही दिवस उजळतो. हंस तारकासमूहातील एसएस सिग्नी हा तारा साधारणतः ५० दिवसांनी बाराव्या प्रतीवरून आठव्या प्रतीपर्यंत, म्हणजे सुमारे ४० पट, उजळतो. ‘साधारणतः’ या शब्दातच सारी गोम आहे. नेमका दिवस कोणालाही सांगता येत नाही.

नवताऱ्याची गोष्ट याहून उग्र. तेथे बटूच्या पृष्ठावर साचलेला हायड्रोजनच अणुप्रक्रियेने पेटतो. भुजंगधारीतील आरएस ओफियुची हा तारा असा पुनःपुन्हा पेटणारा आहे. १२ फेब्रुवारी २००६ रोजी तो उजळल्यावर जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने त्याचा मागोवा घेतला. त्यापुढचा उद्रेक ८ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. त्याची पहिली वार्ता हौशी निरीक्षकांनीच दिली. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा!

उत्तर मुकुटातील टी कोरोनी बोरिआलिस हा असाच एक तारा. एरवी दहाव्या प्रतीचा हा तारा १८६६ व १९४६ मध्ये दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला, म्हणजे मुकुटातील सर्वांत ठळक ताऱ्याच्या बरोबरीला आला. २०२४ च्या सुमारास तो पुन्हा उजळेल असे भाकीत होते. ते वर्ष सरले तरी तो उजळला नाही. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास तो आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे मोपाच्या विमानतळाचे दिवे किंवा क्षितिजावरील धूळ यांचा उपद्रव तेथे कमी. मात्र तो सायंकाळी सोयीने दिसण्याचे पुढचे महिने ढगांत जातात. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून पूर्वेला पाहणारा निरीक्षक मोलाचा.

निरीक्षणाची रीत सोपी आहे. तुलनेसाठी दोन ठरावीक तारे घ्यावे, एक किंचित तेजस्वी, एक किंचित मंद. आपला तारा त्यांच्या दरम्यान कोठे बसतो याचा अंदाज करावा. नकाशावर ८.२ ही प्रत ८२ अशी छापतात, कारण दशांशाचा ठिपका तारा समजण्याची भीती! वेळ लिहिताना घड्याळातून साडेपाच तास वजा करून जागतिक वेळ घ्यावी. ज्योतिर्विदांचा जूलियन दिवस आपल्या सायंकाळी साडेपाचला बदलतो, म्हणून आपली संपूर्ण रात्र एकाच दिनांकात मावते. ही सोय युरोपातल्या निरीक्षकालाही आहे.

जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षक संघाकडे आयुष्यभरात तीस हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या. त्या साऱ्या काही उद्रेकाच्या नव्हत्या. आपण आकाश पाहिले, परंतु तारा दिसला नाही, तर वहीत कोरी जागा सोडू नये. शेजारचा जो सर्वांत मंद तारा दिसला त्याची प्रत लिहून ‘याहून मंद’ अशी नोंद करावी. उद्रेक नेमका केव्हा सुरू झाला, हे पुढे कोणी शोधू लागला, तर त्याला आदल्या रात्रीची हीच ओळ हवी असते. एखाद्या सार्वजनिक वेधशाळेत दुर्बिणीची ओळख करून घेता येईल. टी कोरोनीसाठी मात्र साधी द्विनेत्री आणि घराचे अंगण पुरे.