‘नको’ म्हणण्याची जपानी रीत

पाहुण्यास आग्रह करणें हा यजमानाचा धर्म, आणि दोन वेळां ‘नको, नको’ म्हणून तिसऱ्या वेळीं पान पुढें करणें हा पाहुण्याचा शिष्टाचार. ही रीत केवळ आपलीच, असें आम्ही समजत होतों. गेल्या वर्षीं चिरंजीवांकडे तोक्यो येथें दोन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां हा भ्रम फिटला.

शेजारच्या वृद्ध बाईंनीं एके सायंकाळीं आम्हां उभयतांस बोलाविलें व मोठ्या अगत्यानें मिसोच्या कढणाचे वाडगे पुढें ठेविले. मिसो म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचा लगदा. तो निषिद्ध नव्हे. परंतु ज्या पाण्यांत तो कालवितात त्यांत बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्ही तत्काल ‘ईए’, म्हणजे ‘नाहीं’, असें उत्तर दिलें. बाईंचा चेहरा उतरला. आमचा नेम राहिला, पण एका सज्जन स्त्रीचें मन दुखावलें.

त्या रात्रीं चिरंजीव गुरु झाले व आम्ही शिष्य. तिकडे ‘एन्र्यो’ म्हणजे भीड हा मोठा गुण मानितात. ज्या दोन अक्षरांनीं हा शब्द लिहितात, त्यांचे अर्थ ‘दूर’ आणि ‘विचार’. चहा येण्यापूर्वीं पाहुणा ‘ओकामाइनाकु’ म्हणतो. गीर्वाणवाणींत सांगावयाचें तर ‘अलमायासेन’. एवढ्यानें नकार होत नाहीं. चहा बहुधा येतोच, आणि तो घ्यावयाचा असतो. आपल्या ‘अलम्’ला पर्याप्ति व निषेध असे दोन्ही अर्थ आहेत, तद्वत् ‘केक्को देसु’ म्हणजे ‘उत्तम आहे’ आणि ‘पुरे, नको’ही. ऐकणाऱ्यानें स्वर व प्रसंग पाहून अर्थ लावावा.

खरोखर नाकारावयाचें असल्यास आरंभीं ‘सेक्काकु देसु गा’, म्हणजे ‘आपण एवढे श्रम घेतले, परंतु’, असें म्हणावें. मग कारण सांगावें. आणि शेवटीं ‘ओकिमोचि दाके इतादाकिमास’, अर्थात् ‘आपला भाव तेवढा ग्रहण करितों’, असें म्हणून मान लववावी.

दुसऱ्या दिवशीं हीं वाक्यें घोकून आम्ही बाईंच्या दारीं गेलों. त्या हंसल्या, आंत गेल्या, आणि काकी नांवाचें फळ सोलून घेऊन आल्या. तें आम्ही आनंदानें खाल्लें.

परत आल्यापासून एक गोष्ट मनास टोंचते. मधुमेही पाहुण्याच्या पानांत आमच्याच हातांनीं कितीदां जिलबी लोटली असेल! वस्तु नाकारून भाव कसा घ्यावा, हें पाहुण्यानें शिकावें. आणि नकारामागील भाव कसा ओळखावा, हें यजमानानें.