दशांशाने केला घोटाळा!

मैत्रिणींनो, आठवड्यातून तीन दिवस मी सातवी-आठवीच्या मुलींना गणित शिकवते. तरीही गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या आमच्या घरात ऐन वेळी पाणी संपलं, ते माझ्याच गणितामुळे!

दुरुस्तीसाठी दोन दिवस नळ बंद राहणार होते. पाहुण्यांसह घरात आठ माणसं. माणशी रोज ९० लिटर धरले, तर दोन दिवसांना १४४० लिटर हवेत. गच्चीवरची गोल टाकी मी शिवणाच्या टेपने मोजली. व्यास १.१ मीटर, पाण्याची उंची १.३ मीटर. त्रिज्या ०.५५ आली. 'कशाला ते एवढे दशांश?' म्हणून ०.६ धरली. उत्तर आलं १४७० लिटर. "पुरेल हो सगळ्यांना," असं सासूबाईंना सांगून मी मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोटी कोरडी! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, शाळेत हेच शिकवतेस का?"

मग वही घेऊन बसले. गोल टाकीचे घनफळ म्हणजे ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × उंची. (चौकोनी हौद असेल तर लांबी × रुंदी × उंची.) मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एका घनमीटरचे १००० लिटर होतात. त्रिज्या दोनदा गुणली जाते, म्हणून तिच्यातली चूकही जवळजवळ दुप्पट होते. ०.५५ धरून उत्तर येते १.२३४८, म्हणजे १२३५ लिटर. २३५ लिटर पाणी मी नुसते कागदावरच भरले होते!

तेव्हा दशांश मधेच तोडू नका, शेवटच्या उत्तरातच तोडा. आणि कोणत्या बाजूला तोडायचा, ते कामावरून ठरवा. पाच किंवा जास्त असेल तर वर, नाहीतर खाली, हा शाळेचा नियम. घरात तेवढ्याने भागत नाही. तोटीच्या खालचे पाणी हाती लागत नाही, म्हणून १२३५ चे १२०० धरावेत. पण भिंतीला ३.२ लिटर रंग लागणार असेल, तर आणावा ४ लिटर.

छोटा दशांश म्हणून हसू नका, बरं का! आमच्या जिल्ह्यातल्या कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. बोलताना आपण मागचे .२५ सोडून देतो. पण तेवढेच पाणी सुमारे ७०० कोटी लिटर भरते. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर लाख वस्तीच्या गावाला ते सव्वा वर्षाहून अधिक पुरेल!

कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून पुढे माझ्या माहेरी, सांगलीला जातं. तिथे पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी प्रत्येकीला तोंडपाठ. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेली माझी आई ४४.४ फुटांना '४४च तर आहे' असं म्हणत नाही. ती ४५ धरते आणि धान्याचे डबे माडीवर चढवते.

आजच दुपारी टेप घेऊन आपली टाकी मोजा आणि आलेला आकडा, थोडा कमी करूनच, टाकीवर खडूने लिहून ठेवा.