काटेरी, पण कोण?

आंब्याच्या पानावर मधल्या शिरेवर हिरवं पीस पडल्यासारखं दिसलं, तर थांबा. तो बॅरन फुलपाखराचा सुरवंट आहे. पाठीवरची फिकट रेघ शिरेत मिसळते, दोन्ही बाजूंचे फांद्या फुटलेले काटे पानावर सपाट टेकतात. सावलीसुद्धा धड पडत नाही. दिसायला भयंकर, पण बिचारा डंखत नाही.

डंखते ती २०२२ साली उसाच्या फडांतून गाजलेली घोणस अळी. नावात साप असला तरी हे पतंगाचं पिल्लू. ओळखायची चालीवरून: पोटाखाली पायांऐवजी चिकटणारा तळवा, म्हणून गोगलगायीसारखी सरकते, डोकंही आत दडलेलं. पोकळ काटे टोचून मोडतात आणि विष कातडीत उतरतं. तेव्हा चोळू नका. चिकटपट्टी लावून काटे उपटा, धुवा, मग बर्फ.